डिप्लोमा, सात वर्षं क्वालिटीत: पुढचा आराखडा कसा लिहू?

मला मेलवर आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय २९, मेकॅनिकल डिप्लोमा, मूळ गाव लातूर जिल्ह्यात. चाकणला एका मशीनिंग कंपनीत सात वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर, तीन पाळ्या. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. कंपनीच्या एचआरने यंदा ‘वैयक्तिक विकास आराखडा’ नावाचा चार पानी फॉर्म हातात ठेवलाय आणि तो महिनाअखेर भरून द्यायचाय. ‘पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता?’ या रकान्यावर गाडी अडली आहे. बरोबरचा मित्र डिस्टन्स एमबीए करतोय. आपणही करावं, की सरळ कंपनी बदलावी?

मीही डिप्लोमावालाच. भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. वाहनांच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत २६ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची दहाएक वर्षं माणसं निवडण्यात आणि त्यांचे असले फॉर्म वाचण्यात गेली. त्यामुळे आधी त्या रकान्याचंच बोलू. तिथे जवळजवळ सगळे ‘मॅनेजर’ लिहितात. मी ते वाचून पान उलटतो, कारण त्यातून माणूस कळत नाही. मॅनेजर व्हायला वरची जागा रिकामी व्हावी लागते, कंपनीचा धंदा वाढावा लागतो, साहेबांच्या मनात तुमचं नाव यावं लागतं. यातलं काहीच तुमच्या मुठीत नाही. तुमच्या मुठीत आहे ते एवढंच की कोणतं काम तुमच्यावर टाकून साहेब निर्धास्त घरी जाऊ शकतात. आज ते काम आहे पीस मोजून ओके की नॉट ओके हे सांगणं. दोन वर्षांनी ते काय असावं, हे ठरलं की आराखडा झालाच म्हणून समजा.

तेव्हा फॉर्म तूर्त बाजूला ठेवा आणि एक साधी फुलस्केप वही घ्या. रिजेक्शनचं रजिस्टर, व्हॉट्सअॅपवरचा लाइनचा ग्रुप, मेल असं जे मिळेल ते चाळून गेल्या १२ महिन्यांत तुमच्या हातून काय काय झालं ते लिहून काढा. जबाबदाऱ्या लिहू नका, घटना लिहा. ‘इनवर्ड इन्स्पेक्शन (आत येणाऱ्या मालाची तपासणी) करतो’ ही जबाबदारी झाली. ‘मार्चमध्ये कास्टिंगच्या लॉटमध्ये ब्लोहोल (ओतकामात हवेने पडलेली भोकं) सापडले, लॉट होल्ड केला, सप्लायरला फोटो पाठवले, २०० पीस परत गेले’ ही घटना. प्रत्येक घटनेसमोर एकच गोष्ट लिहा: यात मी स्वतः काय ठरवलं? बऱ्याच ओळींपुढे ‘साहेबांना सांगितलं’ एवढंच येईल. वाईट वाटून घेऊ नका, माझ्याही वहीत तेच होतं.

माझ्या वहीतलं पहिलं वेगळं पान २००३ मधलं आहे. तेव्हा आम्ही एका ग्राहकाला १२ मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, एक भाग देत होतो. ड्रॉइंगवर एच-७, म्हणजे बोअर १२.००० ते १२.०१८ च्या आत हवा. आमच्याकडे शंभर टक्के तपासणी, प्रत्येक पीसला प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप तपासायचा दांडा. तरीही एका सकाळी ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पिन बोअरमध्ये जाईना. लाइन थांबली, फोन आले, शिव्या आल्या. आम्ही चौघं त्यांच्या आवारात दोन रात्री बसून सहा हजार पीस निवडत होतो. बोअर निघाला ११.९९६. मग आमच्या गेजवर पास कसा झाला?

उत्तर गेजमध्येच होतं. प्लग गेजची ‘गो’ बाजू प्रत्येक चांगल्या पीसमध्ये जाते, म्हणून तीच झिजते. ‘नो गो’ बाजू आत जात नाही, ती वर्षानुवर्षं नवी कोरी राहते. आमची ‘गो’ बाजू १२.००० च्या खाली गेली होती. त्यात रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, झिजला की बोअरही बारीक येतो. म्हणजे हत्यार आणि गेज दोन्ही एकाच दिशेने झिजत होते आणि एकमेकांची चूक झाकत होते. गेजवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेजच्याच तपासणीचं, स्टिकर अगदी तारखेत होतं: वर्षातून एकदा, आठ महिन्यांपूर्वी झालेलं. पण दिवसाला ९०० पीस धरले तर त्या आठ महिन्यांत ते गेज पावणेदोन लाखांहून जास्त वेळा बोअरमध्ये जाऊन आलं होतं. कॅलेंडरला ते कुठून कळणार?

मी एका पानावर एवढंच लिहिलं: काय झालं, का झालं, आणि यापुढे कॅलिब्रेशन तारखेवर न ठेवता पीसच्या संख्येवर ठेवू. खाली हाताने काढलेली एक आकृती. साहेबांनी ते मान्य केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा समोरच्या माणसाने माझा बायोडेटा उलटा ठेवला आणि या एका गोष्टीवर चाळीस मिनिटं प्रश्न विचारले. नोकरी त्या पानावर मिळाली.

तुमच्याकडे असं एक पान तयार होणं, हे तुमच्या आराखड्याचं पहिलं वर्ष.

आता वेळेचा हिशेब. हा कुणी करत नाही, म्हणून आराखडे फसतात. तीन पाळ्या म्हणजे ५२ पैकी साधारण १७ आठवडे रात्रपाळीचे. त्या आठवड्यांत अभ्यास होत नाही. होतो म्हणणाऱ्याला लहान मूल नसतं. उरले ३५. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, पोरीचा ताप आणि वर्षाअखेरचं ग्राहकाचं ऑडिट धरून पाच आठवडे वजा करा. राहिले ३०. आठवड्याला पाच तास काढले, तर वर्षाचे १५० तास. एवढीच तुमची पुंजी. १५० तासांत एक गोष्ट नीट होते, तीन गोष्टी अर्धवट होतात. म्हणून मी तुम्हाला यादी देत नाही, क्रम देतो.

पहिले तीन महिने एमएसए. मोजमापाची पद्धत स्वतःच भरवशाची आहे का, हे तपासण्याचं शास्त्र. याला कोर्स लागत नाही, साहेबांची परवानगी आणि एक दुपार लागते. दहा पीस घ्या, शक्यतो सगळ्या टॉलरन्सभर (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) पसरलेले. आतल्या बाजूला नंबर टाका, मोजणाऱ्याला दिसणार नाहीत असे. तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने प्रत्येक पीस तीनदा मोजायचा, क्रम दर वेळी बदलायचा. ९० रीडिंग झाली. ती एक्सेलमध्ये घाला आणि गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यामुळेच किती फरक पडतो त्याची टक्केवारी, काढा. १० टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम, १० ते ३० मध्ये आलं तर कामाच्या गरजेप्रमाणे चालवून घेतात, ३० च्या वर आलं तर ती पद्धत वापरायची नाही. पहिल्यांदा कराल तेव्हा आकडा बघून दचकाल. मग कारण शोधा. एक जण व्हर्निअर जास्त दाबतो, दुसरा बर (कडेला राहिलेली धातूची कूस) साफ न करता मोजतो, तिसऱ्याला चष्मा लागलाय आणि तो सांगत नाही. या तिसऱ्याचं नाव अहवालात घालू नका. त्याला चहाला न्या आणि बोला. क्वालिटीत वर जाणाऱ्या माणसाला शॉपफ्लोअरवरच्या लोकांनी आपलं मानावं लागतं. ते एकदा बिनसलं की कुठलंही सर्टिफिकेट कामाला येत नाही.

पुढचे सहा-नऊ महिने एकच जुनाट रिजेक्शन. प्रत्येक लाइनवर असं एक दुखणं असतं, ज्याला सगळे ‘ते तसंच आहे हो’ म्हणतात. ते मागून घ्या. साहेबांकडे जाऊन ‘सर, मला ग्रोथ हवी’ म्हणालात तर ते म्हणतील ‘हो, बघू’, आणि विषय अप्रेझलपर्यंत संपला. त्याऐवजी सांगा: ‘सर, तीन नंबर लाइनचं बोअर रिजेक्शन मला द्या. आधी तीन महिन्यांसाठी. डेटा मी काढतो, दर शनिवारी दहा मिनिटं तुम्हाला दाखवतो. फक्त प्रॉडक्शनच्या साहेबांशी एकदा बोलून द्या.’ याला नाही म्हणणारा साहेब मी पाहिलाय, पण फार थोडे. आणि तुमचा साहेब त्यांच्यातला निघाला, तर कंपनी बदलण्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं.

मग पीएफएमईए, म्हणजे प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकतं याची आधीच केलेली यादी. तुमच्या कंपनीत ती फाइल असणारच, बहुधा ऑडिटच्या आदल्या आठवड्यात उघडली जाणारी. २०१९ मध्ये अमेरिकन एआयएजी आणि जर्मन व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून नवीन हँडबुक काढलं आणि जुना आरपीएन, म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार, बाजूला ठेवून अॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे कशावर आधी काम करायचं याचा क्रम, आणली. का, हे मी इंटरव्ह्यूत हमखास विचारतो. बहुतेक जण ‘स्टँडर्ड बदललं’ एवढं सांगून थांबतात. एकदा गणित करून बघा. ब्रेक निकामी होण्याची शक्यता असलेला दोष: तीव्रता १०, घडण्याची शक्यता २, पकडला जाण्याचा आकडा २ (जितका सहज पकडला जाईल तितका कमी). गुणाकार ४०. दिसायला वाईट असा एक ओरखडा: ४, ४, ४. गुणाकार ६४. जुन्या हिशेबाने आधी ओरखडा बघायचा आणि ब्रेक नंतर! हे ज्याने स्वतः कागदावर करून पाहिलंय त्याचं उत्तर वेगळं येतं, दोन वाक्यांत कळतं.

एपीक्यूपी (नव्या भागाचं क्वालिटी नियोजन), पीपीएपी (ग्राहकाकडून भागाची मंजुरी) आणि एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर लक्ष) ही उरलेली तीन साधनं या कामाच्या ओघात येतील. त्यानंतर आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं अंतर्गत ऑडिटर प्रशिक्षण मागा. तिथे कोअर टूल्सची, म्हणजे या पाचही साधनांची, जाण अपेक्षितच असते, त्यामुळे आधी काम आणि मग प्रशिक्षण असा क्रम ठेवा. सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीच्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे बेल्टबद्दल, विचाराल, तर ग्रीन बेल्ट देणारी कोणतीही एक मध्यवर्ती संस्था नाही. दोन दिवसांत देणारेही आहेत, सहा महिने राबवून घेणारेही आहेत. कंपनी पैसे भरत असेल तर घ्या. स्वतःच्या खिशातून आत्ता नको.

हे दीड-दोन वर्षांचं झालं की फाटा येतो, आणि तिथे स्वभाव बघावा लागतो. सीएमएमकडे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मोजणीयंत्राकडे, वळलात तर एसीची खोली, शांत काम, प्रोग्रामिंग शिकायला मिळतं. मागणी चांगली आहे, पण त्या खोलीतून बाहेर पडणं पुढे जड जातं, हे डोळ्यांनी पाहिलंय. सप्लायर क्वालिटी म्हणजे आठवड्यातले तीन दिवस बाहेर: कोल्हापूरच्या फाउंड्रीत, वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, कधी राजकोटला. तिथे मोजमापापेक्षा माणसं हाताळणं जास्त. सप्लायरचा मालक तुमच्या दुप्पट वयाचा असतो, त्याला ‘काका, हा लॉट जाणार नाही’ हे पाण्यासारखं शांतपणे सांगता यायला हवं. कस्टमर क्वालिटीत शिव्या खाण्याचा पगार मिळतो, पण सगळ्यात लवकर शिकायलाही तिथेच मिळतं. नवीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये ड्रॉइंग वाचता येणाऱ्याला किंमत असते. तुम्ही बोलके असाल तर माझं मत सप्लायर क्वालिटीला.

इंग्रजीचं एकच सांगतो. व्याकरणाचे क्लास लावू नका. आठवड्याला एक एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) इंग्रजीत स्वतः लिहा, जुन्या तक्रारीवर लिहिला तरी चालेल. सहा महिन्यांत हात बसतो. जपानी ग्राहक असेल आणि भाषेची आवड असेल, तर पुण्यात जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे आणि जेएलपीटी ही जपानीची परीक्षाही इथेच देता येते. पण ते आवड म्हणून. एन-५ या तिच्या पहिल्या पायरीवर कुणी पगार वाढवत नाही.

आता पदवी. इथे खोटा धीर देणार नाही: डिप्लोमाला छत आहे. मोठ्या कंपन्यांत एका ठरावीक ग्रेडच्या वर ‘बी.ई./बी.टेक.’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे तुमचं काम बघण्याआधीच अर्ज गळतो. त्यामुळे पदवीचा विचार चूक नाही, पण कोणती, हे बघा. इंजिनिअरिंगची पदवी डिस्टन्सने घ्यायची नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर जो निकाल दिला, त्यात अनेकांची वर्षं आणि पैसे अडकले. कुणी एएमआयई, म्हणजे इंजिनिअर्सच्या संस्थेची परीक्षा, सुचवेल. आमच्या पिढीत ती कितीतरी जणांनी केली आणि वर गेले, पण सरकारी नोकरीसाठी पदवीच्या तोडीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच आहे. तुमच्या उपयोगाचा मार्ग वेगळा आहे: २०२३-२४ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी लवचीक वेळेचे पदवी अभ्यासक्रम सुरू करायला परवानगी दिली आहे. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते आणि किमान अनुभवाची अट आहे, ती तुमची कधीच पूर्ण झाली. चाकण-पिंपरी भागातून कोणतं कॉलेज जमतंय, ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. एजंटाला विचारू नका.

पण तीन पाळ्यांत ते होणार नाही. आधी जनरल शिफ्ट मिळवावी लागेल, आणि जनरल शिफ्ट मिळते ती वर सांगितलेल्या कामामुळे. रिजेक्शनचा प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस रात्रपाळीत ठेवून कुणाचंच काम होत नाही. म्हणून पदवी आराखड्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात.

डिस्टन्स एमबीए मात्र कायद्याने चालते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आहे का, एवढं तपासायचं. तुमच्या मित्राला विरोध नाही. पण एमबीए हे हाताखाली माणसं आणि बजेट असलेल्याला उपयोगी पडतं. इन्स्पेक्टरच्या बायोडेटावर ते पाहिलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याला क्वालिटीतून बाहेर पडायचंय का? तसं असेल तर जरूर करा, पण त्याला आधी पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर प्रवेश मिळत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी विचारतो. तुमची लाइन कशाची आहे? मेलमध्ये शिफ्टर फोर्क (गिअर बदलणारा काटा) आणि ट्रान्समिशन केस (गिअरचा डबा) असं ओझरतं म्हणालात. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एकाच गतीचा रिडक्शन गिअर असतो. गिअर बदलायचेच नाहीत, तर शिफ्टर फोर्क कशाला? तो भाग उद्या सकाळी बंद होणार नाही, पण त्याच एका भागाचे तज्ज्ञ म्हणून पुढची पंधरा वर्षं काढता येणार नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, चाकं हे राहणार आहेत. गंमत अशी की केसचा बोअर, त्याची पोझिशन आणि फ्लॅटनेस मोजायला शिकलेला माणूस मोटरचं हाउसिंगही मोजू शकतो. म्हणून वहीत कौशल्य लिहिताना पार्टचं नाव न लिहिता काय मोजलं ते लिहा. जीडी अँड टीची, म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेची अचूकता सांगणारी, चिन्हं अजून पाठ करून चालवत असाल, तर त्या १५० तासांतले २० त्याला द्या.

कंपनी बदलायची का? आत्ता नको, त्या एका पानानंतर. पानाशिवाय बदललीत तर दोन-तीन हजारांची वाढ आणि परत तेच टेबल. बदलाल तेव्हा ग्रॅच्युइटी मागून घ्या. पाच वर्षं भरली आहेत. शेवटच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं, एवढा सोपा हिशेब आहे. आणि पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तुमची सात झाली आहेत. मुलांना मोबाइल घ्यायला पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचा हिशेब पुन्हा शून्यापासून.

घरी हे सगळं सांगा. ‘रविवारी सकाळी दोन तास मी वहीत असणार’ हे बायकोला आधी माहीत असलं तर ते तास मिळतात. न सांगता बसलात तर बरोबर त्याच वेळी गॅस संपतो.

आता फॉर्मचा तो रकाना. माझ्या टेबलावर तुमचा फॉर्म आला असता, तर मला तिथे असं काहीतरी वाचायला आवडलं असतं: ‘पहिल्या वर्षात माझ्या तीन स्टेशनांचं एमएसए स्वतः करून बोअरचं रिजेक्शन निम्म्यावर आणीन. दुसऱ्या वर्षात त्या लाइनची पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन माझ्याकडे असावेत, अंतर्गत ऑडिटर प्रशिक्षण मिळावं. तिसऱ्या वर्षापासून सप्लायर क्वालिटीचं काम आणि नोकरदारांसाठीची पदवी. त्यासाठी दुसऱ्या वर्षापासून जनरल शिफ्टची विनंती.’ पुढची दोन वर्षं कोरी सोडा. ‘बलस्थानं व उणिवा’ या पानावर फार वेळ घालवू नका, ते कुणी वाचत नाही.

रिजेक्शन ‘निम्म्यावर’ लिहिण्याआधी आजचा आकडा मात्र काढून घ्या. सोमवारी फर्स्ट शिफ्ट असेल तर साडेसहाला पोहोचा, गेल्या तीन महिन्यांचं रजिस्टर उघडा आणि कारणांप्रमाणे टॅली मारा. आणि जाता जाता तुमच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू मायक्रोमीटरखाली धरून बघा.